‘पुट ऑफ’चा एक अर्थ

फोन आला तेव्हा मी शाळेत शिक्षकखोलीत पेपर तपासत बसले होते. शुक्रवार होता. मधली सुट्टी संपायला दोन-तीन मिनिटं उरली होती आणि पुढचा तास नववीचा होता. फोनवर माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे वडील होते. पेणजवळ गडब गावात महामार्गाला लागून त्यांचं पोहे-पापडांचं दुकान आहे, मागे थोडी भातशेती. मुलीनं शाळा सोडून सात-आठ वर्षं झाली, तरी मी त्या बाजूला गेले की ते हाक मारून थांबवत आणि पिशवीत मिरगुंडांचं पाकीट टाकत. त्या दिवशी मात्र त्यांनी कशी आहात वगैरे काही विचारलं नाही.

“बाई, एक शब्द इचारायचा व्हता. पुट ऑफ म्हंजे काय?”

“बंद करणं,” मी म्हणाले. “दिवा पुट ऑफ केला, पंखा पुट ऑफ केला, तसं.”

“बंद.”

“हो.”

मग “बरं” म्हणून त्यांनी फोन ठेवला. घंटा झाली, मी खडू घेतला आणि वर्गावर गेले. हे सगळं मिळून अर्धं मिनिटही झालं नसेल. कुठल्या वाक्यातला शब्द आहे हे मी विचारलं नाही.

पेणमधल्या एका शाळेत मी एकवीस वर्षं इंग्रजी शिकवते आहे. या जातीची क्रियापदं, ज्यांना फ्रेजल व्हर्ब म्हणतात, ती शिकवायची माझी एक पद्धत आहे. पहिल्या दिवशी मी फळ्यावर इंग्रजी काहीच लिहीत नाही. मराठीत ‘मारणे’ लिहिते आणि विचारते, उडी मारली म्हणजे उडीला लागलं का? हाक मारली, गप्पा मारल्या, शिक्का मारला, बुट्टी मारली, यात कुणाला मार बसला? मुलं हसतात. मग मी सांगते की इंग्रजीतही तसंच आहे. ‘पुट’ म्हणजे ठेवणे हे तुम्हाला येतं, पण त्याच्या शेपटीला एखादा बारका शब्द लागला की ठेवण्याचा काही संबंध उरत नाही. म्हणून सुटा शब्द पाठ करू नका, आख्खं वाक्य बघा. हे मी दर वर्षी सांगते. परीक्षेत ‘पुट ऑफ’ येतं तेव्हा त्याचा अर्थ पुढे ढकलणे असाच असतो, आणि तोच मी वर्गात शिकवते. पण घरात, दुकानात, बँकेत आपल्याकडे कुणीही ‘लाइट पुट ऑफ कर’ असंच म्हणतं. घाईत माझ्या तोंडात वर्गातला अर्थ आला नाही, घरातला आला.

त्यानंतरच्या रविवारी त्याच मुलीचा साखरपुडा होता आणि मला बोलावणं होतं. फोनचा आणि साखरपुड्याचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मुलगी हुशार होती. बीएस्सी करून ती पेणला एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये लागली होती आणि नोकरी करता करता लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा करत होती. मुलगा रोह्याचा, एमआयडीसीतल्या एका कंपनीत ऑपरेटर. सुपारी फुटली होती, त्यांच्याकडून साडी आणि पेढे येऊन गेले होते. मी भेट म्हणून स्टीलचा डबा-सेट घेतला, बरी साडी नेसले आणि दहाच्या सुमाराला मिनिडोर रिक्षात बसून गडबला उतरले.

दारात मांडव नव्हता. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं आणि मुलीचे वडील बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते, अंगात रोजचाच बनियन. मला बघून ते उठले.

“बाई, तुमाला कळवायचं राहिलं,” ते म्हणाले.

“काय झालं?”

“त्यांनी बंद केलं. तुमीच सांगितलंत नाय का परवा.”

त्यांनी खिशातून फोन काढून माझ्या हातात दिला. मुलाच्या वडिलांचा मेसेज होता, इंग्रजीत, एका ओळीचा. ड्यू टू अनअव्हॉइडेबल रीझन्स, संडे फंक्शन इज पुट ऑफ. काइंडली कोऑपरेट.

मी तो दोनदा वाचला. अर्थ सरळ होता: काही अपरिहार्य कारणानं रविवारचा कार्यक्रम पुढे ढकलला आहे, सहकार्य करावं. एखाद्या कंपनीच्या फळ्यावर लागते तशी सूचना.

“तुम्ही मला नुसता एक शब्द विचारलात,” मी म्हणाले.

“नुसता तेवढाच अडला व्हता. संडे कळतं, फंक्शन कळतं. रीझन कळतं.”

“हे बंद केलेलं नाही. पुढे ढकललंय. तारीख बदललीय, इतकंच.”

ते माझ्याकडे बघत राहिले. “तुमी बंद बोललात.”

“तोही अर्थ आहे. दिव्याचं असतं तर तोच बरोबर होता.”

“मी दिव्याचं कशाला इचारीन?” ते म्हणाले.

मी खुर्चीवर बसले. तोवर मुलीची आई दारात येऊन उभी राहिली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मग दोघांनी मिळून मला जे सांगितलं ते असं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत त्यांनी रोह्याच्या फोनची वाट पाहिली. फोन आला नाही. लग्न मोडायचं आणि तेसुद्धा इंग्रजीत एका ओळीत, तोंडानं सांगायची हिंमत नाही, याचा राग वडिलांच्या डोक्यात बसला. शनिवारी सकाळी पहिल्या एसटीनं ते एकटेच रोह्याला गेले. दार मुलाच्या आईनं उघडलं. यांनी साडीची पिशवी आणि पेढ्यांचा रिकामा डबा उंबऱ्यावर ठेवला, “तुमचं तुमाला” एवढंच बोलले आणि मागे फिरले. ती बाई हाका मारत राहिली. यांनी वळून पाहिलं नाही. परत येईपर्यंत रोह्याहून सात फोन आले. एकही उचलला नाही. आठवा आलाच नाही.

“आता काय करायचं गो?” वडिलांनी बायकोला विचारलं.

“फोन लावा त्यांना.”

“मी नाय लावनार. उंबऱ्यावर साडी ठेवून आलोय मी.”

“मग कोन लावील?”

“मी जाते,” मी म्हणाले. “चूक माझी आहे. समोर बसून सांगते.”

फोनवर बोलून भागलं असतं, पण फोननंच हे सगळं झालं होतं. “बाईंना चा टाक गो,” वडील आत बघून म्हणाले. चहा मुलीनंच आणून दिला. गुलाबी ड्रेस, केस नुकतेच धुतलेले. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी कप खाली ठेवल्यावर म्हणाली, “चला, रस्त्यापर्यंत सोडते.”

महामार्गाचं काम चालू होतं. एका बाजूला खोदलेलं होतं आणि गाड्यांच्या धुळीमुळे आम्हाला बंद दुकानांच्या पत्र्याखालून चालावं लागत होतं. मी तिला म्हणाले, “माझ्यामुळे तुला उगाच त्रास झाला.”

“नाय बाई.”

“कसं नाही?”

ती थांबली. “मला माहीत होतं. नववीत तुम्हीच शिकवलंत. पुट ऑफ, पुढे ढकलणे. वाक्यसुद्धा आठवतं, पावसामुळे सामना पुढे ढकलला.”

“मग वडिलांना का नाही सांगितलंस?”

“त्यांनी मला इचारलंच नाय. मेसेज आला तेव्हा मी समोर भाकरी थापत होते. त्यांनी तुम्हाला फोन लावला.”

“अगं, पण नंतर? साडी परत द्यायला निघाले तेव्हा?”

तिनं ओढणीनं तोंडावरची धूळ पुसली आणि सांगितलं. तिची परीक्षा पुढच्या महिन्यात होती. तीन आठवड्यांपूर्वी तिनं आईला सांगितलं होतं की साखरपुडा परीक्षेनंतर करू, आणि आईनं वडिलांना. वडील म्हणाले होते, ठरलेली तारीख पुढे ढकलायची नाही, लोक काय म्हणतील. मग तिनं विषय सोडून दिला. आणि आता तिकडूनच निरोप आला होता, तिला हवा होता तोच.

“मला वाटलं, चार दिवस शांत जातील,” ती म्हणाली. “आधी वाटलं आपोआप कळेल. मग बाबा एवढे चिडले, की आता सांगितलं तर मलाच म्हणतील, तुला माहीत होतं तर गप का बसलीस.”

“मुलगा नको आहे का तुला?”

“तसं नाय. बरा हाय तो. दोनदाच बोललोय आमी. त्यानंपण काय इचारलं नाय.”

नागोठण्याची गाडी येत होती. तिनंच हात केला. मी पायरी चढताना ती म्हणाली, “बाई, मला माहीत होतं ते नका सांगू.” मी मान हलवली. ते मी दोन्ही घरांत कधी सांगितलं नाही. इथे नावं नाहीत म्हणून लिहिते आहे.

नागोठण्याला गाडी बदलून मी रोह्याला पोचले तेव्हा दीड वाजून गेला होता. वाटेत काय बोलायचं ते मी ठरवत होते, पण एकही वाक्य नीट जुळत नव्हतं. वर्गात मी कधी अडत नाही. निडी गावाच्या पुढे ते ठरवायचं मी सोडून दिलं आणि खिडकीबाहेर कापलेल्या भाताच्या शेतांत चरणारी गुरं बघत बसले.

त्यांचं घर नदीच्या बाजूला एका सोसायटीत तळमजल्यावर होतं. दार मुलाच्या वडिलांनी उघडलं. उंच, इस्त्रीचा शर्ट, घरातही खिशाला पेन. एका कंपनीच्या टाइम ऑफिसात क्लार्क म्हणून काम करून निवृत्त झालेले. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी मला बसायला सांगितलं, पण स्वतः उभेच राहिले. कॉटवर ती साडीची पिशवी तशीच पडली होती. कुणी उघडलेली दिसत नव्हती.

मी सांगितलं. फोन कधी आला, मी काय उत्तर दिलं, त्यांनी त्यावरून काय धरलं. लांबवलं नाही.

“मॅडम,” ते म्हणाले, “मी अठ्ठावीस वर्षं नोटिसा लिहिल्या. शिफ्टच्या, कँटीनच्या, युनियनच्या मीटिंगच्या. मीटिंग पुट ऑफ लिहिलं की प्रत्येक कामगाराला कळायचं. एकानंही कधी उलटं धरलं नाही.”

“तुमचं इंग्रजी बरोबर आहे,” मी म्हणाले. “माझं उत्तर अर्धं होतं.”

हे ऐकून ते बसले. पुढे त्यांनी जे सांगितलं त्यात लपवण्यासारखं काहीच नव्हतं. मुलाच्या कंपनीत शटडाउन लागला होता, वर्षाचं मशिनरीचं काम. त्या आठवड्यात सगळ्यांच्या रजा रद्द झाल्या. मुलानं खूप खटपट केली, पण रविवार सुटला नाही. नवऱ्यामुलाला सुट्टी मिळत नाही म्हणून कार्यक्रम पुढे घेतो, हे सांगायचा त्यांना संकोच वाटला. मुलीकडचे म्हणतील, कसली नोकरी ही.

“मराठीत लिहायला घेतलं होतं,” ते म्हणाले. “पण ‘पुढे ढकलला’ हे काही बरं वाटेना. जसं काय धक्का देऊन ढकललं. इंग्रजीत कसं व्यवस्थित दिसतं.”

आतून मुलाची आई आली. पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवून ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. ठेंगणी, शांत चेहऱ्याची बाई. “दार उघडलं, तर पिशवी ठेवून माणूस चालता झाला,” ती म्हणाली. “मी चप्पलसुद्धा न घालता फाटकापर्यंत धावले. समोरच्या चाळीतली सगळी बघत होती. शुभकार्याची साडी हो ती. अशी उंबऱ्यावर?”

“त्यांचा गैरसमज झाला. मूळ चूक माझी.”

“तुम्ही मुलांना हेच शिकवता ना?” तिनं विचारलं. आवाज चढवला नव्हता. खरोखर माहिती हवी असल्यासारखं विचारलं.

“हो,” मी म्हणाले.

‘पुट ऑफ’ला आणखी एक अर्थ आहे. एखाद्या माणसावरून किंवा गोष्टीवरून मन उडणं. तो परीक्षेला येत नाही, त्यामुळे मी शिकवत नाही. त्या बाईंकडे बघताना मला तो आठवला. मुलाच्या वडिलांची समजूत पटली होती, माझं म्हणणं त्यांच्या डोक्यात शिरलं होतं. पण तिच्या बाबतीत शब्दाचा अर्थ दुरुस्त करून काही होणार नव्हतं. ती फाटकापर्यंत धावली होती, ते धावणं परत घेता येत नव्हतं.

साडेतीनच्या पुढे मुलगा पहिली शिफ्ट करून आला. कंपनीचा निळा शर्ट, हातात हेल्मेट. वडिलांनी त्याला चार वाक्यांत सगळं सांगितलं. तो ऐकत होता, पण मधूनच माझ्याकडे वळून म्हणाला, “ती काय म्हणाली?”

दोन दिवसांत हा प्रश्न पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. मीही सकाळी तिच्या घरी तो आधी विचारला नव्हता. रस्त्यावर आल्यावर तीच बोलली म्हणून मला कळलं.

“तिची पुढच्या महिन्यात परीक्षा आहे,” मी म्हणाले. “साखरपुडा त्यानंतर झालेला तिला हवा आहे.”

“मग मला का नाही बोलली?”

“तुम्ही विचारलं होतं?”

त्यानं थोडा विचार केला. “नाही,” म्हणाला. “मी तिला शटडाउनचंच सांगत होतो. दोन्ही वेळा.”

तो फोन घेऊन बाहेर गेला. खिडकीतून त्याची पाठ दिसत होती. सुरुवातीला तो नुसता उभा होता, मग कुंपणाच्या तारेवर वाळत घातलेल्या कपड्याचा चिमटा काढत-लावत बोलायला लागला. फार वेळ बोलला नाही. आत येऊन आईला म्हणाला, “परीक्षा झाल्यावर करू.” आईनं कॉटवरची पिशवी उचलली आणि आत नेली. मला चहा विचारला, मी घेतला, आणि संध्याकाळच्या गाडीनं पेणला परत आले.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. मोठी माणसं अडून बसली. गडबचे वडील म्हणत होते, चूक कळली, पण आधी त्यांनी बोलवावं, म्हणजे मी जातो. रोह्याचे वडील म्हणत होते, दारात येऊन अपमान त्यांनी केला, आधी त्यांनी यावं. मला दोन्हीकडून फोन येत. मी दोघांनाही एकच सांगत असे, की यात मला पडायचं नाही. एकदा पडले होते तेवढं पुरे होतं.

तिढा मुलानं सोडवला, आणि तो कसा ते मला मुलीच्या आईकडून कळलं. शटडाउन संपल्यावरच्या पहिल्या सुट्टीला तो मोटरसायकलवरून एकटाच गडबला आला. दुकानात गिऱ्हाइकासारखा उभा राहिला. वडील गल्ल्यावर होते. त्यांनी ओळखलं, पण बोलले नाहीत. मुलानं दोन किलो जाडे पोहे मागितले. वडिलांनी मोजून दिले. मग मुलगा तिथल्याच स्टुलावर बसला. बराच वेळ दोघं रस्त्याच्या कामावर बोलत होते, कुठल्या पुलाचा खांब उभा राहिला आणि कुठला नाही यावर. निघताना मुलगा म्हणाला, “परीक्षेनंतरचा रविवार धरू या. बाबांना घेऊन मी स्वतः येतो.” वडील म्हणाले, “बरं. जेवायलाच या.” आई आतून ऐकत होती. तिनं मला सांगितलं, “बाई, माफीचं कोन कायच बोललं नाय. पन तांदूळ जास्त लावायला पायजे ते मला कळलं.”

परीक्षा झाली, मुलगी पास झाली. साखरपुडा गडबलाच झाला आणि लग्न पुढच्या मे महिन्यात रोह्याला. साखरपुड्यात मुलाच्या आईनं नवी साडी आणली होती. परत आलेली साडी तिनं आपल्या नणंदेला देऊन टाकली होती, पुन्हा ओटीत घालणं तिला बरं वाटलं नाही. माझ्याशी ती नीट बोलली, वाढताना आग्रह केला, पण माझ्या पंक्तीत बसली नाही. लग्नातही तसंच.

आता ती मुलगी रोह्यातल्या एका लॅबमध्ये काम करते. गेल्या उन्हाळ्यात कामासाठी पेणला आली होती, तेव्हा शाळेत मला भेटायला आली. निकालाचं काम चालू होतं, वर्ग रिकामे होते. आम्ही एका बाकावर बसलो. ती सासरचं सांगत होती. सासऱ्यांनी सोसायटीच्या पाण्याच्या नोटिसा लिहायचं काम अंगावर घेतलं आहे, सासूबाई फार बोलत नाहीत पण तिची सकाळची शिफ्ट असली की डबा त्याच भरतात. मग मध्येच म्हणाली, “बाई, तुम्हाला एक सांगायचं होतं. त्या दिवशी मी तुम्हाला म्हटलं ना, चार दिवस शांत जातील म्हणून गप बसले.”

“हो.”

“ते शुक्रवारचं खरं. शनिवारी बाबा पिशवी घेऊन निघाले तेव्हा मी घाबरले होते. मी त्यांच्या मागोमाग स्टॉपपर्यंत गेले. सांगणारच होते. एसटी समोर उभी होती. तोंड उघडलं आणि विचारलं, बाबा, पाण्याची बाटली घेतलीत का? ते हो म्हणाले आणि चढले.”

ती उठली, ओढणी नीट केली. सासूबाईंच्या गुडघ्याचं तेल घ्यायचं होतं, पेणच्या बाजारातल्या एकाच दुकानात ते मिळतं, आणि तीनच्या गाडीनं तिला परत जायचं होतं. फाटकापर्यंत मी तिच्याबरोबर गेले. ती बाजाराकडे वळली आणि मी पुन्हा निकालपत्रकं भरायला बसले.